भांड्यावर नाव असतं, बियाण्यावर नसतं



कपाशीची पहिली वेचणी उरकली आणि कांद्याचं रोप अजून लावणीला आलेलं नाही. मधल्या या आठ-दहा दिवसांत जरा सवड आहे, म्हणून आज लांब लिहितो. नेहमी इथं मी पाऊस किती पडला, बोंडअळी कुठं दिसली, भाव काय निघाला एवढंच टाकतो. पण मागच्या एका नोंदीखाली कृषी पदवीला असलेल्या एका मुलानं विचारलं होतं, की काका, ज्यांनी शेतीचं शिक्षण घेतलं नाही ते लोक शिकले तरी कुणाकडून? प्रश्न साधा आहे, उत्तर मोठं निघालं. वाचलेलं, ऐकलेलं आणि थोडं घरातलं असं एकत्र करून लिहितो आहे.

सुरुवात आपल्याच भागातून करू. आपल्या धुळे-साक्री भागात पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्यावर फड पद्धत चालत आली आहे. तीन-चारशे वर्षांची म्हणतात. पाणी वाटण्याची पद्धत म्हणून तिच्यावर खूप लिहिलं गेलं आहे. गावचं भिजणारं क्षेत्र तीन-चार फडांत वाटायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकऱ्यानं ओळीनं पाणी द्यायचं. पाणी कुणी कमी-जास्त घेत नाही, ही तिची थोरवी. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका फडात वीस जणांचा ऊस किंवा गहू एकाच पाण्यावर, एकाच वेळी, बांधाला बांध लावून उभा असतो. मग एकाचा चांगला आणि शेजारच्याचा किरकोळ आला तर पाण्याला दोष देता येत नाही. बी, खत, नांगरट, पेरणीची तारीख, कुठं तरी फरक आहे. विद्यापीठात ज्याला प्रयोगाचा प्लॉट म्हणतात, तो आपल्या लोकांपुढं दर हंगामाला आपोआप मांडलेला असायचा. बघणाऱ्याला डोळे पाहिजेत आणि ज्याचं पीक चांगलं त्याला तोंड उघडायची दानत पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त अवघड, हे तुम्हालाही माहीत आहे.

फड पुरुषांचा, तर परसबाग बायांची. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. आमच्या घरी परत जाताना त्यांच्या पिशवीत सांजोऱ्यांसोबत एक फडक्याची पुरचुंडी असायची. गिलक्याचं बी, गंगाफळाचं बी, वालाचे चार दाणे. आखाजीचा मुहूर्त वेलांची आळी करायचाच, पुढं पाऊस लागला की वेल मांडवावर. माझी माय बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची, काही गिलकी चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धुरानं कीड लागत नाही हे तिला कुणी शिकवलं? तिच्या सासूनं. सासूला कुणी? ते कुठं लिहिलेलं नाही. शेजारीण आली की पहिला प्रश्न एकच, "हाई बी कथाईन आनं?" त्या प्रश्नाच्या उत्तरात गाव, घर, नातं सगळं यायचं. म्हणजे बियाण्याची वंशावळ तोंडी चालत होती. सांगणारी म्हातारी गेली की वंशावळ तुटली, बी तेवढं राहिलं. कधी कधी तेही राहिलं नाही.

साहेब लोकांची हौस वेगळ्या वाटेनं चालली. पुण्यात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही इंग्रज अमदानीतली संस्था आहे, १८९२ पासून एम्प्रेस गार्डन तिच्याकडं आहे. जानेवारीत तिथं पुष्पप्रदर्शन भरतं. कुंडीतला गुलाब आणायचा, मांडायचा, बक्षीस मिळवायचं. हौशी माणसाला चुरस लागली की तो शिकतो, यात शंका नाही. पण प्रदर्शनात फूल दिसतं, ते फुलवताना काय काय केलं ते दिसत नाही. ते शेजारच्या टेबलावाल्याला विचारावं लागतं, आणि तो सांगेलच असं नाही.

सांगण्या-विचारण्यानं किती फरक पडतो, हे मोजून बघण्याचा एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला होता. तो शेतीवाल्यांनाही फारसा आठवत नाही. १९५६ साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून गावांसाठी कार्यक्रम लावले. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं घेतली. दर गावात वीसेक जणांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम. रेडिओ बंद झाला की लगेच उठायचं नाही, तिथंच बसून बोलायचं: हे आपल्या गावात जमेल का, कुणी करून बघितलंय का, अडचण काय. मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी तपासणी केली. त्यांनी मंडळं असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नाही अशी गावं ताडून पाहिली. मंडळवाल्या गावांत लोकांची माहिती ठळक वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फार थोडी. कार्यक्रम तोच, आवाज तोच. फरक पडला तो नंतर बसून बोलण्यानं. त्या मंडळांत सही न येणारी माणसंही होती आणि ती बोलण्यात मागं नव्हती. पुढं १९५९ पासून ही मंडळं देशभर नेली.

आता मुख्य माणसाकडं येतो. श्री. अ. दाभोळकर. अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोळकर यांचे हे थोरले भाऊ. शिक्षण गणिताचं. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठात शिकवत होते. शेतीची पदवी त्यांच्याकडं नव्हती, आणि मला वाटतं तेच बरं झालं. पदवी असती तर शेतकऱ्याला सांगायला गेले असते. हे विचारायला गेले.

त्यांनी उभं केलं त्याला नाव प्रयोग परिवार. परिवार म्हणजे खरंच परिवार, मोठं ऑफिस नाही की पदाधिकाऱ्यांची रांग नाही. १९६० नंतरच्या वर्षांत सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बाजूला थॉमसन सीडलेस द्राक्ष नवं नवं येत होतं. पीक महागाचं, मांडवाला पैसा लागायचा आणि माहिती कुणाकडंच धड नव्हती. परदेशातलं पुस्तक आपल्या हवेला लागू पडत नव्हतं. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपतो आणि वसंतात उठतो, म्हणून तिकडं छाटणी एकदाच. आपल्याकडं वेल झोपतच नाही. त्याला दोनदा छाटावं लागतं, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि पीक घ्यायचं एकच. एप्रिलनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा गर्भ धरतो. वरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरला कितव्या डोळ्यावर कात्री मारायची ते चुकलं की वर्षभर नुसती पानं मोजत बसायचं.

इथं दाभोळकरांचं गणित कामाला आलं. त्यांनी बागायतदारांना मोजायला लावलं. एका काडीवर पानं किती, त्यातली उन्हात किती आणि सावलीत किती. एका घडाला किती पानं पोसतात. आज कुणीही द्राक्षवाला झोपेतसुद्धा सांगेल, की घडामागं बारा ते पंधरा चांगली पानं पाहिजेत. तेव्हा हे पाठ करायचं वाक्य नव्हतं, मोजून काढायचं होतं. बागेतले दोन-चार वेल वेगळे धरायचे, त्यांच्यावर एकच गोष्ट बदलायची, बाकीची बाग नेहमीसारखी ठेवायची. जे होईल ते वहीत लिहायचं. मग दुसऱ्याच्या बागेत जायचं, तो आपल्या बागेत येणार. कुणी पत्रानं कळवायचं, कुणी शिवारातच गोल करून बसायचं. माझ्याकडं असं झालं, तुझ्याकडं काय झालं? या एका वाक्यावर सगळा परिवार चालला म्हटलं तरी चालेल.

यात मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? फसलेला प्रयोगही सांगायचा असतो. आपण बांधावर चांगलं तेवढं दाखवतो. यंदा एकरी इतके क्विंटल, बघा फोटो. फसलं ते घरात. पण चार जणांनी एकच गोष्ट केली, तिघांची फसली आणि एकाची जमली, तर त्या एकाच्या फोटोवरून पाचवा माणूस खड्ड्यात जातो. तिघांनी सांगितलं असतं तर वाचला असता. हे माझं मत. शास्त्रज्ञ मंडळी इथं वाचतात, त्यांनी पटत नसेल तर लिहावं.

द्राक्षवाल्यांनी ही सवय सोडली नाही. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ त्यातूनच मोठा झाला, त्यांचं 'द्राक्षवृत्त' नावाचं मासिक निघतं. बागेतल्या चर्चासत्राला शेकडो माणसं गाड्या करून जातात. आणि एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निघालं ते १९९७ साली. म्हणजे सरकारी केंद्र यायच्या आधी तीस वर्षं हे लोक एकमेकांच्या बागेत शिकत होते. केंद्राला कमी लेखत नाही, रोगाचा अंदाज आणि औषधांचे अवशेष ही कामं बांधावर बसून होत नाहीत. द्राक्ष माझं पीक नाही, आपल्याकडं पाणीही तेवढं नाही, तरी या गोष्टीचा हेवा वाटतो. कपाशी आपल्याकडं किती वर्षांपासून आहे आणि आपण एकमेकांच्या शेतात वही घेऊन किती वेळा गेलो?

दाभोळकर द्राक्षावर थांबले नाहीत. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब भागेल का, हा हिशोब त्यांनी मांडला. ऊन हे भांडवल आणि पान हा कारखाना, असा त्यांचा सगळा विचार आहे. पालापाचोळा शेण, गोमूत्र आणि गुळाच्या पाण्यात भिजवायचा, थरावर थर रचायचे, वर थोडी माती, त्यात बिया टाकून उगवलेलं कोवळं छाटून परत त्यातच मिसळायचं. अशी माती तयार करायची त्यांची रीत होती. 'विपुलाच सृष्टी' या त्यांच्या पुस्तकात हे आहे. सगळंच मला पटतं असं नाही. दहा गुंठ्यांचा हिशोब कोरडवाहू मुरमाड रानात बसवून बघा, विहिरीनं मार्चमध्ये तळ दाखवला की गणित हलतं. पण मोजायची शिस्त कोरडवाहूलाही लागू आहे.

गंमत अशी, की ही रीत खेड्यातून शहरात गेली. एरवी शहाणपण शहरातून आपल्याकडं येतं असं समजतात! मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी दाभोळकरांचं बघून गच्चीवर भाजीपाला सुरू केला. रसवंतीवाला फेकून देतो ती उसाची चिपाडं पिशव्यांत आणि पिंपांत भरायची, माती अगदी थोडी. गच्चीवर वजन पडत नाही आणि चिपाड कुजून खत होतं. त्यांच्याकडून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या प्रीती पाटील शिकल्या. हजारो कामगारांचं जेवण करणारं ते स्वयंपाकघर. तिथला भाजीचा कचरा गच्चीवर नेऊन त्यांनी बाग उभी केली. आता मुंबई-पुण्यात कितीतरी घरांत ही गच्चीवरची शेती चालते. शिक्षक, बँकेतले, घर सांभाळणाऱ्या बाया. आपल्यातले काही जण त्यांना हसतात, दोन टमाट्यांचे चार फोटो टाकतात म्हणून. मी हसत नाही. हौशी माणसाचं पोट त्या कुंडीवर नसतं, म्हणून तो बिनधास्त उलटं-सुलटं करून बघतो. आपल्याला एकरभर कपाशीवर ते परवडत नाही. पण बांधाकडेच्या दोन सऱ्यांवर परवडतं. तासगाववाल्यांनी दोन-चार वेलच धरले होते ना.

आता नावाची गोष्ट. ती जरा टोचणारी आहे.

आमचं सोनगीर किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. मुंबई-आग्रा रोडनं जाणारे लोक थांबून भांडी घेतात. हंडा, घागर, तपेलं घेतलं की पूर्वी त्यावर नाव टाकून घ्यायचे. टिंबं-टिंबं ठोकून काढलेलं नाव, गाव, कधी तारीखही. लग्नात दिलेलं भांडं असेल तर देणाऱ्याचं नाव. पन्नास वर्षांनी माळ्यावरून घागर काढली तरी कळतं, ही मामाकडची. भांडं दहा घरी उसनं फिरलं तरी परत येतं, कारण नाव आहे.

द्राक्षात असं नाव टिकलं. तास-ए-गणेश हा वाण थॉमसनमधूनच निवडलेला, तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या आर्वे यांनी. नावातला 'तास' म्हणजे तासगाव आणि 'ए' म्हणजे आर्वे. सोनाका हा लांब मण्यांचा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांचा. सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज, का म्हणजे काळे. जिल्हा, गाव, आडनाव. भांड्यावर ठोकल्यासारखं तीन अक्षरांत बसवलं. बागेत फिरताना एका वेलाचे मणी बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसले, त्यांनी ती काडी वेगळी राखली, वाढवली आणि दुसऱ्यांना दिली. कलमं महाराष्ट्रभर फिरली आणि नाव सोबत फिरलं.

भातात तसं झालं नाही. चंद्रपूर जिल्हा, नागभीड तालुका, गाव नांदेड. मराठवाड्यातलं नांदेड वेगळं. तिथले दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ च्या सुमारास पटेल-३ भाताच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, परत निवडल्या. अशी काही वर्षं. दाणा बारीक, भात चवीला चांगला, उतारा चांगला. लोकांनी बी मागितलं, त्यांनी दिलं. वाणाला नाव नव्हतं. तेव्हा एच.एम.टी.च्या घड्याळाची चलती होती, म्हणून तांदूळ झाला एच.एम.टी. तो दुसऱ्या राज्यांतही गेला, गिरणीवाल्यांनी पोत्यांवर छापला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बी नेलं, शुद्ध केलं आणि १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी म्हणून प्रसारित केलं. विद्यापीठाचं नाव आलं, घड्याळाचं आलं, दादाजींचं आलं नाही. पुढं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा गौरव केला, परदेशी मासिकानंही दखल घेतली. त्यांनी आणखीही वाण काढले. पण शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढीत गेली. जून २०१८ मध्ये ते वारले. आपल्यातल्या किती जणांनी एच.एम.टी. तांदूळ खाल्ला असेल हिशोब नाही, आणि हे नाव किती जणांना माहीत आहे?

काही जण यातून उलटा धडा घेतात: बी द्यायचंच नाही, सांगायचंच नाही. तो मला चुकीचा वाटतो. दादाजींनी बी दडवून ठेवलं असतं तर त्यांच्या बांधीबरोबर ते संपलं असतं. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं बघा. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, परसबागेतलं गावठी बी जपत आणि वाटत २०२० च्या पद्मश्रीपर्यंत पोचली. त्यांची रीत अशी, की बी न्या आणि पिकल्यावर दुप्पट आणून द्या. दुप्पट परत येतं तेव्हा नेणारा परत दारात येतो, काय झालं ते सांगतो आणि बी कुणाचं हेही विसरत नाही. आखाजीच्या पुरचुंडीचीच पद्धत, फक्त हिशोब ठेवलेली.

कायदाही आता थोडा बाजूनं आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा वाचून घ्या. घरचं बी ठेवणं, पेरणं, अदलाबदल करणं, विकणं याची शेतकऱ्याला मोकळीक आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. आणि स्वतः निवडलेला वाण शेतकरी आपल्या नावावर नोंदवू शकतो. कागद लागतात, नमुना द्यावा लागतो, वेळ लागतो. कृषी विज्ञान केंद्राची मंडळी यात मदत करू शकतात. पण त्या कागदात विचारलेलं असतं, की वाण कुठून आला, किती वर्षांपासून निवडता. तिथं आपलं घोडं अडतं, कारण वही नसते.

आपल्या खान्देशचंच उदाहरण घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट पांढऱ्या रेषांचं ते मोठं वांगं, बामणोद, आसोदा, भादली अशी गावं तोंडावर येतात. जिल्ह्याचं नाव लागलं, चांगलंच झालं. पण ते वांगं पहिल्यांदा कुणी वेगळं काढलं, बियांसाठी कोणतं फळ झाडावर पिकू द्यायचं हे कुणी ठरवलं? भाजताना साल सुटली पाहिजे, बी कमी पाहिजे आणि तेल सुटल्यासारखा गर पाहिजे, ही परीक्षा चुलीपाशीच होते. म्हणजे निवड करणारी बहुतेक कुणाची तरी आजी असणार.

तर यंदा मी एक काम धरलं आहे. परसात आणि बांधाकडेच्या दोन सऱ्यांवर भरताच्या वांग्याचं घरचं बी लावायचं, दर घराचं वेगळं. आतापर्यंत तीन घरांचं मिळालं आहे. प्रत्येक पुडीवर मी लिहितो: कुणाकडून, त्यांच्याकडं कुठून आलं, किती वर्षांपासून. एका पुडीवर तीन पिढ्यांची नावं निघाली, सासू, आजेसासू आणि तिच्या माहेरचं गाव. दुसऱ्या पुडीवर नुसतं 'बाजारातून' एवढंच. तुमच्याकडं घरचं बी असेल तर दहा-वीस दाणे द्या, फळाचा फोटो आणि ही माहिती सोबत लिहा. फळं लागली की साल, गर, बी, भाजायला लागलेला वेळ असं सगळं इथं टाकीन, ज्याचं त्याच्या नावानं, फसलेलंही. आणि पिकल्यावर बी दुप्पट परत.